हत्तीवरचा लेप

फार जुन्या काळी, जिथल्या विहिरींचं पाणी पाताळात गेलं होतं अशा एका गावात एक मूर्तिकार राहत होता. मातीकामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या राज्याच्या राणीने नवा पाट काढला. पाणी एकाच गावाला पुरणार होतं. राणीने दवंडी पिटवली, की ज्याला पाणी हवं त्या गावाने पाटाच्या तोंडाशी मातीचा हत्ती उभारावा आणि त्याला प्रत्येक घरचा हात लागावा. भांडकुदळ गावाला पाणी दिलं तर ते पाण्यावरूनही भांडेल, असं तिचं म्हणणं होतं.

मूर्तिकाराने सगळं गाव कामाला लावलं. कोणी माती तुडवली, कोणी भाताचा कोंडा मिसळला, कोणी पाय रचले. वाकड्या अंगठ्याच्या एका म्हातारीने डावा कान केला. "माती ओली आहे तोवरच जोडा," मूर्तिकार बजावायचा, "वाळलेल्यावर ओली माती धरत नाही."

माणसाच्या उंचीचा हत्ती उभा राहिला. गाव खूश झालं, मूर्तिकार मात्र नाही. त्याला तो हत्ती कसला, फुगलेली म्हैस दिसत होती. राणी हे पाहणार आणि करणारा म्हणून आपलं नाव घेणार, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

हत्ती वाळला. राणी येण्याच्या आदल्या दुपारी सगळे रानात गेले होते. तेवढ्यात त्याने चाळलेल्या मातीचा लेप अख्ख्या हत्तीवर चढवला. आपण काय शिकवलं होतं ते तो सोयीस्करपणे विसरला. हत्ती देखणा झाला, हे मात्र खरं.

सकाळी राणी आली. गाव हत्तीकडे बघत उभं होतं. म्हातारी आपला कान शोधत होती आणि तो तिला ओळखू येत नव्हता. ऊन चढलं, तशी त्याच कानावर भेग पडली. मूर्तिकाराने पुढे होऊन भेगेवर तळहात दाबून धरला.

राणीने हत्तीभोवती फेरी मारली. "सुरेख आहे," ती म्हणाली, "पण हे एकाच माणसाचं काम आहे. यात गाव कुठे आहे?" आणि तिने पाटकऱ्याला पाणी शेजारच्या गावाकडे सोडायची खूण केली.

म्हातारीने मूर्तिकाराकडे पाहिलं. पाटकऱ्याने पाणी अडवणाऱ्या फळीला हात घातला. मूर्तिकाराच्या तळव्याखाली माती सुटत होती. हात काढला तर नाव जाणार होतं, नाही काढला तर पाणी.

त्याने हात काढला. पोपडा धपकन खाली पडला. मग त्याने नखांनी दुसरा ओढला, तिसरा ओढला.

"राणीसाहेब, गाव खाली आहे," तो म्हणाला. "मी झाकलं होतं."

आतून बोटांच्या खुणाच खुणा दिसू लागल्या. म्हातारी पुढे आली आणि कानावरच्या वाकड्या खुणेत तिने आपला अंगठा ठेवला. तो नेमका बसला.

राणीने पाटकऱ्याला थांबवलं. पाणी त्याच गावाकडे वळलं. मूर्तिकाराला शिक्षाही झाली. दर उन्हाळ्यात गावाने हत्ती नव्याने घडवायचा आणि त्याने फक्त माती तुडवायची. पहिल्या वर्षी तो मान खाली घालून तुडवत होता. पुढे पुढे गप्पा मारत तुडवू लागला.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, सगळ्यांनी मिळून केलेलं काम आपल्या एकट्याच्या सफाईखाली कधी झाकू नये.