बुधीचा गुरू

राजवैद्य अनंतशास्त्र्यांनी संस्थानात फर्मान काढलं की, ज्याला आपली गुरुपरंपरा सांगता येणार नाही त्यानं बाजारात औषध विकू नये. मग शिपाई घेऊन ते स्वतःच तपासणीला निघाले.

बुधी ठाकरीण झाडपाला विकायला तीन डोंगर उतरून आली होती. पाटी ठेवून ती नुकतीच टेकली होती.

"ही विद्या ब्रह्मदेवानं प्रजापतीला दिली, त्यानं अश्विनीकुमारांना, त्यांनी इंद्राला," शास्त्रीबुवा म्हणाले. "तिथून ती ऋषींकडे आणि मग आमच्या घराण्यात आली. तुला कुणी दिली?"

बुधीनं दुखरे गुडघे चोळले. पाटीतून दोन कंद काढले, सोलले आणि पुढे धरले. दोन्ही सारखेच पांढरे दिसत होते.

"एक उकडून खायचा. दुसरा कळलावीचा, नुसता लेपाचा. पोटात गेला तर माणूस जातो. तुमच्या इंद्राला विचारा आणि एक उचला."

शास्त्रीबुवांचा हात उपरण्यातून बाहेर आला नाही. त्यांनी विचारलं, "तुला तरी कसं कळलं?"

"कधीकाळी आमच्यातल्या दोघांनी एकेक खाऊन पाहिला, बुवा. एक जगला. मेला तो माझा गुरू," बुधी थकल्या आवाजात म्हणाली. "नाव सांगायला तो उरला नाही. फर्मानात त्याच्यासाठी जागा असेल तर बघा."

आणि कळलावीचा कंद तिनं जपून पदरात बांधला.