पांढऱ्या निशाणांचा बांध

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक तळं होतं. तळं इतकं मोठं, की पलीकडच्या काठावरची म्हैस इकडून शेळीएवढी दिसायची. ते पाणी अडवून धरायला जुन्या लोकांनी मातीचा लांबलचक बांध घातला होता. बांधाच्या खाली भाताची खाचरं आणि खाचरांच्या खाली घरं. गाव जेवायचं तळ्याच्या जिवावर आणि झोपायचं बांधाच्या भरवशावर.

मातीचा बांध म्हटला की त्याची राखण आली. खेकडे त्यात बिळं करतात, उंदीर पोखरतात, झाडाचं मूळ आत कुजलं की तिथे पोकळी राहते. मग पाणी त्यातून वाट काढतं. म्हणून गावाने बांधावर पाच राखणदार ठेवले होते. त्यांत कोंडाजी नावाचा एक धिप्पाड गडी होता, राही नावाची एक विधवा बाई होती आणि म्हाळू नावाचा एक म्हातारा होता. उरलेले दोघे भाऊ भाऊ होते.

त्यांचं काम कसं चालायचं, तर कसंही. कोणी कुठूनही फिरायला निघे. कोणाला पाझर दिसला की तो "धावा रे" म्हणून ओरडे आणि बाकीचे फावडं, घमेलं घेऊन पळत येत. सगळ्यांत आधी कोंडाजी पोहोचायचा. दुपारी सगळे चिंचेखाली बसून भाकरी खात आणि कुठली जागा मऊ लागली, कुठे नवं बीळ दिसलं, याच्या गप्पा मारत. म्हाळू जेवल्यावर डोळा लावायचा. मग त्याच्या वाटची फेरी राही मारायची आणि कोंडाजी त्याच्या पागोट्यात मुंगळा सोडायचा.

या कारभारात एक खोट होती. सगळे सगळीकडे बघत, त्यामुळे एखादी जागा कोणीच बघत नसे. एका उन्हाळ्यात बांधाच्या टोकाला असाच एक पाझर बरेच दिवस राहून गेला आणि खालच्या दोन खाचरांतलं पीक कुजलं. शेतकरी चावडीवर आले. पाटलांनी विचारलं, "त्या टोकाला बघायचं कोणी?"

"आम्ही सगळ्यांनीच," राखणदार म्हणाले.

पाटलांना ते उत्तर आवडलं नाही. त्यांनी बांधासाठी नवा कारभारी नेमला.

नवा कारभारी तरुण होता, हुशार होता आणि सरळ मनाचा होता. गावाचं भलं व्हावं असंच त्याला वाटे. तो म्हणाला, "सगळ्यांचं काम ते कोणाचंच काम नाही. ज्याची त्याची हद्द ठरली पाहिजे."

त्याने बांधाचे पाच भाग केले आणि दोन भागांच्या मध्ये दगड रोवले. प्रत्येक राखणदाराला एकेक भाग दिला. प्रत्येक भागावर उंच काठी उभी केली आणि प्रत्येकाला दोन निशाणं दिली, एक पांढरं आणि एक लाल. सगळं ठीक असेल तर पांढरं चढवायचं. पाझर दिसला तर लाल. चावडीच्या माडीवरून पाचही काठ्या दिसत. कारभाऱ्याला आता बांधावर पाय झिजवायची गरज नव्हती. सकाळ-संध्याकाळ माडीवर उभं राहिलं की सगळा बांध कळायचा.

त्याने दोन नियमही केले. आपली हद्द सोडून कोणी जायचं नाही. आणि ज्याच्या काठीवर लाल निशाण चढेल, त्याने चावडीवर येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, की आपल्या भागात पाझर फुटलाच कसा. उलट, ज्याची काठी पावसाळाभर पांढरी राहील, त्याला दसऱ्याला पाटलांच्या हातून शेला आणि सोनं लुटायला पहिला मान.

सुरुवातीला फार छान चाललं. म्हाळूची दुपारची झोप गेली. ज्या कोपऱ्यांकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नव्हतं, तिथलं गवत कापलं गेलं. बिळं लिंपली गेली. पाटील म्हणाले, "माणूस नेमावा तर असा."

मग एक दिवस राहीच्या भागात पाझर फुटला. करंगळीएवढी धार होती. तिने लगेच लाल निशाण चढवलं, पाझर बुजवला आणि सांगितल्याप्रमाणे चावडीवर गेली.

"इतरांच्या भागात नाही, तुमच्याच भागात कसा फुटला राहीबाई?" कारभाऱ्याने विचारलं. त्याने रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खेकड्याचं बीळ होतं जी."

"बीळ एका दिवसात होत नाही. आधी का दिसलं नाही?"

ओट्यावर बसलेलं कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "राहीचा बांध गळतो म्हणे." ती घागर अर्धीच भरून घरी परतली.

पुढचा पाझर तिने निशाण न चढवता बुजवला. एकटीने बुजवला, म्हणून तो नीट बुजला नाही, पण वरून चिखल फासल्यावर दिसेनासा झाला. ती मनात म्हणाली, बाकीच्यांच्या काठ्या पांढऱ्याच आहेत, मग आपलीच का लाल असावी?

बाकीच्यांच्या काठ्या पांढऱ्या होत्या, कारण बाकीचेही तेच करत होते. म्हाळू पाझरावर गवताची पेंढी टाकून त्यावर बसून राहायचा. दोघे भाऊ एकमेकांना आपल्या भागात पाऊल टाकू देत नसत. चिंचेखाली आता कोणी जेवत नव्हतं, जो तो आपल्या काठीखाली भाकरी सोडायचा.

कोंडाजी तर आणखी पुढे गेला. तो आपल्या भागातले खेकडे पकडायचा आणि दगडापलीकडे, राहीच्या भागात फेकायचा. एकदा राहीने ते पाहिलं.

"कोंडा, हे रे काय?"

"खेकड्याला काय हद्द कळते, आक्का? आला असेल चालत."

तो तिला आक्का म्हणायचा. तिच्या नवऱ्याला खांदा त्यानेच दिला होता. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. राहीही मग हाती लागलेले खेकडे मारण्याऐवजी त्याच्याकडे भिरकावू लागली.

माडीवरून मात्र पाच पांढरी निशाणं फडकताना दिसत होती. कारभारी समाधानाने मान हलवायचा. त्याला वाटायचं, इतका भक्कम बांध या गावाने कधी पाहिला नसेल.

भादव्यात पावसाने झड लावली, ती आश्विन लागला तरी थांबेना. तळं काठोकाठ भरलं. दसरा जवळ आला होता. राहीने एकदा लाल निशाण चढवलं होतं आणि पुढे बाकी तिघांनाही, पाझर लपेना तेव्हा, एकेकदा ते चढवावं लागलं होतं. सुरुवातीपासून पांढरी राहिलेली काठी फक्त कोंडाजीची होती. त्याच्या बायकोने पाहुण्यांना बोलावणंही धाडलं होतं.

एके दिवशी दुपारी राही बांधाच्या पायथ्याने चालत होती. हद्दीच्या दगडापलीकडे, कोंडाजीच्या भागात, तिला गवताचा एक भारा दिसला. भाऱ्याखालून पाणी येत होतं आणि ते पाणी लाल, गढूळ होतं.

पाझर निवळ असेल तर फारशी भीती नसते. गढूळ झाला की समजायचं, आतून माती वाहून चालली. त्या गावातलं लहान पोरही हे सांगू शकलं असतं.

"कोंडा!" कित्येक दिवसांनी तिने त्याला हाक मारली. "पाणी गढूळ येतंय. निशाण चढव."

कोंडाजी वरून उतरला आणि भाऱ्यासमोर उभा राहिला. "पावसाचं पाणी आहे ते. तू तुझ्या हद्दीत बघ."

"पावसाचं पाणी खालून वर येतं होय?"

"मी बघतो म्हटलं ना! बुजवतो संध्याकाळपर्यंत."

"एकट्याने व्हायचं नाही ते. आणि संध्याकाळपर्यंत राहायचंही नाही."

कोंडाजीचा आवाज खाली आला. "आक्का, चार दिवसांवर दसरा आलाय. एवढे चार दिवस जाऊ दे."

हा माणूस वाईट नव्हता, हे तिला माहीत होतं. त्याची काठी लाल करायचा हक्क तिला नव्हता. हद्द सोडून गावात धावत गेली, तर नियम मोडला म्हणून आधी तिलाच जाब विचारला असता. आणि काहीच केलं नाही, तर तिला कोणी दोष दिला नसता. तो भाग तिचा नव्हताच.

ती बांधावर चढली, आपल्या काठीपाशी गेली, पांढरं निशाण उतरवलं आणि लाल चढवलं.

माडीवर कारभाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा राहीबाई! पण तळं भरलेलं असताना लाल निशाण बघून त्याला बसवेना. तो पावसातच निघाला. बांधावर पाऊल ठेवायची त्याची ही कित्येक महिन्यांतली पहिलीच वेळ होती. चालताना त्याला जागोजागी पायाखाली माती दबलेली लागली आणि त्याची चाल आपोआप वाढली.

"कुठे आहे पाझर?"

"माझ्या भागात नाही जी."

"मग निशाण कशाला चढवलंत?"

"दुसऱ्याचं चढवता येत नाही. माझंच हाताशी होतं," राही म्हणाली आणि तिने खाली बोट दाखवलं.

कोंडाजी अजून भाऱ्याला पाठ लावून उभा होता. त्याच्या पोटऱ्यांपर्यंत लाल पाणी आलं होतं. कारभाऱ्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो वळून बांधभर ऐकू जाईल असा ओरडला, "धावा! सगळे इकडे धावा!"

कोणी हललं नाही. लांबून म्हाळूचा आवाज आला, "हद्द सोडून कसा येऊ कारभारी? तुमचाच हुकूम आहे!"

दोघे भाऊ आपापल्या काठीला धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, कारभारी आपली परीक्षा घेतोय.

शेवटी कारभारी एकेकाकडे पळत गेला, एकेकाच्या हाताला धरून त्याने त्यांना ओढून आणलं. राहीला त्याने गावात पाठवलं, "खालची घरं रिकामी करायला सांगा, आणि फावडं धरता येईल त्या प्रत्येकाला वर पाठवा." बाभळीच्या फांद्या, मातीची पोती, दगड, हाताला येईल ते त्या भोकात कोंबलं जाऊ लागलं. कोंडाजी छातीभर चिखलात उतरून काम करत होता. पण उशीर झाला होता. बांधाचा एक लचका सुटला आणि पाणी खाली कोसळलं.

माणसं आणि गुरं तोवर टेकाडावर पोहोचली होती, म्हणून जिवाची हानी झाली नाही. पण खालची खाचरं निसवलेल्या भातासकट वाहून गेली. ओढ्याकाठची घरं पडली. त्यांत कोंडाजीचंही घर होतं.

पाणी ओसरल्यावर गाव चावडीवर जमलं. लोक संतापले होते. "कोंडाजीला गावाबाहेर काढा. त्याने पाझर लपवला."

कोंडाजी मान खाली घालून म्हणाला, "खरं आहे. मी रोज निशाणाकडे बघत होतो. पाण्याकडे बघायचं विसरलो."

पाटलांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी उठला आणि राखणदारांना म्हणाला, "कोंडाजीचं कळलं. तुमच्यापैकी आणखी कोणी पाझर लपवला होता?"

राही म्हणाली, "मी लपवला."

"मीही," म्हाळू म्हणाला. दोघा भावांनी होकारार्थी माना हलवल्या.

कारभारी गावाकडे वळला. "दुसऱ्याच्या पाझराला हाच कोंडाजी सगळ्यांच्या आधी धावायचा, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. हीच राहीबाई म्हाळूआबांच्या वाटची फेरी मारायची. माणसं तीच आहेत. मग बदललं काय? बदलली ती मी घालून दिलेली घडी. पाझर सांगणाऱ्याला मी चावडीवर उभं केलं आणि लपवणाऱ्याला शेला कबूल केला. त्यांनी मला हवं तेच दिलं, पांढरी निशाणं. कोणाला बाहेर काढायचं असेल, तर सुरुवात माझ्यापासून करा."

लोक कुजबुजले. काहींना ते पटलं, काहींना नाही. ज्यांची घरं गेली होती, त्यांचा कोंडाजीवरचा राग पुढेही बरीच वर्षं टिकला. पण पाटलांनी कोणालाच बाहेर काढलं नाही. ते म्हणाले, "मोडलेला बांध पुन्हा बांधा. आणि घडीही नवी घाला."

कारभाऱ्याने हद्दी काढून टाकल्या नाहीत. ज्याचा भाग त्याने रोज बघायचाच. पण लाल निशाण कोणीही, कोणाच्याही काठीवर चढवू शकत होता, आणि ते चढलं की पाचही जणांनी तिथे धावायचं, असं ठरलं. कोणाला जाब द्यायला चावडीवर यावं लागणार नव्हतं. शेला कायमचा बंद झाला. कारभारी स्वतः रोज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागला आणि दुपारची भाकरी राखणदारांबरोबर खाऊ लागला.

नव्या बांधाची माती तुडवताना कोंडाजी राहीला म्हणाला, "आक्का, त्या दिवशी माझ्यापायी तू आपली काठी लाल केलीस."

"काठी गेली खड्ड्यात," राही म्हणाली. "ते फावडं दे इकडे."

पुढच्या पावसाळ्यात एक बैलगाडीवाला व्यापारी त्या वाटेने गेला. बांधावर लाल निशाण बघून तो थांबला. परत येताना पाहिलं, तर दुसऱ्याच काठीवर लाल निशाण होतं. कारभारी बांधावरून चालला होता. त्याला तो म्हणाला, "तुमचा बांध फारच कच्चा दिसतो हो. जेव्हा बघावं तेव्हा कुठेतरी गळतोय."

"बांध मातीचाच आहे, तो गळायचाच," कारभारी म्हणाला. "आता तो गळतो तेव्हा आम्हाला कळतं."

आणि तो लाल निशाणाकडे चालू लागला. पाचही राखणदार आधीच तिथे पोहोचले होते.

या गोष्टीचं तात्पर्य असं: माणसं जशी घडी मिळेल तशी वागतात. जिथे चूक सांगणाऱ्याला लाज आणि लपवणाऱ्याला मान मिळतो, तिथे चुका कमी होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.