केरबा शिंप्याचं चिडकं पोट

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव केरबा. मापात त्याचा दोरा कधी चुकला नाही, आणि सांगितलेल्या शब्दातही नाही. लोक जेवढं सांगायचे तेवढंच तो करायचा. इंचभर कमी नाही, इंचभर जास्त नाही.

या केरबाचं पोट चिडकं होतं. कधी फुगायचं, कधी कळ मारायची, कधी तांब्या शोधायलाही वेळ द्यायचं नाही. मागच्या वर्षी थोरल्या भाचीच्या लग्नात तो मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभा होता. पाचव्या मंगलाष्टकाला पोटात गुरगुरलं. मामा मांडवातून जो पळाला, तो थेट ओढ्याकडे. तेव्हापासून गाव त्याला पळता मामा म्हणू लागलं.

आता धाकट्या भाचीचं, शालनचं लग्न ठरलं होतं. शालनवर केरबाचा फार जीव. तिचं पहिलं झबलं त्यानंच शिवलं होतं. पण त्याची बहीण, आक्का, स्वच्छ म्हणाली, "केरबा, या खेपेला शेवटपर्यंत टिकणार असशील तर उभा राहा. नाहीतर मामाचा मान मी चुलतभावाला देते."

केरबाला जेवण गोड लागेना. त्याची बायको यमुना त्याला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी तपासलं. म्हणाल्या, आतड्याला काही झालेलं नाही, ते जरा चिडकं आहे इतकंच. कशानं चिडतं ते आपण एकेक करून शोधू. आधी पंधरा दिवस दूध बंद.

केरबा म्हणाला, "बरं आहे." आणि घरी आला.

दुधाच्या थेंबाला त्यानं हात लावला नाही. बासुंदी मात्र दोन वाट्या खाल्ली. वर खरवस खाल्ला. बाईंनी बासुंदीचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी ओढ्याकडे पाच खेपा झाल्या.

बाई म्हणाल्या, "अहो, नाव काय पाहता? आत काय आहे ते पाहा. ज्याच्या आत दूध, ते सगळं बंद."

"बरं आहे. पुढच्या वेळी आत पाहीन."

पुढच्या वेळी बाईंनी गहू बंद करायला सांगितला. केरबा घरी आला तो उंबऱ्यातच थांबला. घराच्या आत गव्हाचं पोतं होतं. ज्याच्या आत गहू, ते सगळं बंद. त्यानं शिलाईयंत्र उचललं आणि अंगणातल्या लिंबाखाली मांडलं. अंथरूणही तिथंच टाकलं. यमुना म्हणाली, मी गव्हाचं पोतं शेजारी ठेवून येते. तेव्हा त्यानं शेजाऱ्यांकडे जाणंही सोडलं, आणि घरात कणकेचा डबा होताच. आठ दिवस तो लिंबाखाली राहिला. डोक्यावर कावळे बसत होते. पण कावळ्यांबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.

यमुनानं त्याला पुन्हा बाईंपुढे उभं केलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"केरबा, घराचं सोडा. तोंडातून आत जाईल तेवढंच धरायचं. असं करा, तोंडात काय काय जातं ते वेळ घालून वहीत लिहा. त्रास झाला का, तेही लिहा."

"बरं आहे. लिहीन."

त्यानं लिहिलं. आठवड्यानं बाईंनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचू लागल्या. सकाळी आठ, दोरा, वीतभर. त्रास नाही. सव्वाआठ, टाचण्या सात. त्रास नाही. दहा, टाचण्या पाच. त्रास नाही.

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं. "तुम्ही टाचण्या खाता?"

"खात नाही बाई, तोंडात धरतो. मोजून काढतो. पण टाचण्यांचा पोटाला काडीचा त्रास नाही."

पण त्याच वहीत पुढे होतं: दुपारी एक, भाकरी दोन, त्रास नाही. चार, कांदाभजी सहा. त्रास, ओढा, पुन्हा ओढा. आणि असं चारदा होतं. बाईंना कांदा सापडला. कांदा सुटला, दूध सुटलं होतंच, आणि केरबाचं पोट खरोखर निवलं. महिन्याभरात ते मांजरासारखं गुपचूप बसू लागलं. केरबाच्या तोंडावर रंग आला. आक्काही म्हणाली, बरं, उभा राहा.

तेव्हा बाईंनी शेवटचा धडा दिला. गहू हळूहळू सुरू करून बघू. पण एकदम नको. आधी अर्धी पोळी. मग तीन दिवस थांबायचं. त्रास नसेल तर पुढे जायचं.

"हे गव्हापुरतंच का बाई?"

"छे. आधी ज्याचा ज्याचा त्रास झालाय, त्या सगळ्याला हेच."

"बरं आहे," केरबा म्हणाला. आणि घरी आला.

घरी सरपंच कोटासाठी बसले होते. मागचा कोट त्यांना काखेत काचला होता. केरबानं नव्या कोटाला एकच बाही लावली आणि म्हणाला, तीन दिवस घाला. त्रास नसेल तर दुसरी लावू. सरपंच एका बाहीच्या कोटात लग्नाला आले.

मांडव भरला. अंतरपाट धरला. केरबा शालनच्या पाठीशी खांबासारखा उभा राहिला. सगळं गाव नवरीकडे न बघता मामाच्या पोटाकडे बघत होतं. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. अक्षता पडल्या. केरबानं पोटाचा कानोसा घेतला. पोट गप्प. त्यानं हात वर केला.

"भटजीबुवा, थांबा."

भटजी थांबले. नवऱ्या मुलाचे वडील घाबरून म्हणाले, "काय झालं? यांना काही होतंय का?"

"काहीच होत नाही," केरबा म्हणाला. "म्हणूनच थांबायचं. मागच्या वर्षी मला मंगलाष्टकांचा त्रास झाला होता. आज एक घेतलं. आता तीन दिवस थांबू, मग दुसरं."

मांडवात कोणी हसलं, कोणी घड्याळ बघितलं. मुहूर्त निघून चालला. आक्का दातओठ खात पुढे आली आणि तिनं ओढ्याकडे बोट केलं. "पळ रे बाबा. या खेपेला खुशाल पळ."

"पोट शांत असताना कशाला पळू?" केरबा म्हणाला.

शेवटी शालननंच मान वळवली. ती हळूच म्हणाली, "मामा, कानांत बोटं घाल आणि डोळे मीट. आत काही गेलंच नाही तर त्रास कशाचा? मी सांगेपर्यंत काढू नकोस."

केरबाला पटलं. आत जाईल तेवढंच धरायचं, हे बाईंनीही सांगितलं होतं. त्यानं डोळे मिटले, कानांत बोटं घातली. उरलेली मंगलाष्टकं धडाधड झाली, हार पडले, वाजंत्री वाजली. मामा जागचा हलला नाही.

जेवणं झाली. मामा उभाच. पाठवणी झाली, सगळे रडले. मामा उभाच. मांडवाचे वासे निघाले, ताडपत्री उतरली. यमुनानं हलवलं, आक्कानं मनगट धरून ओढलं. पण ती शिंप्याची बोटं, सुटतात कशाला? आणि सांगणारी तर सासरच्या वाटेला लागली होती.

शेवटी सरपंचांनी एका बाहीचा कोट सावरत फटफटी काढली आणि वेशीपलीकडे वऱ्हाडाची गाडी गाठली. नवरी माघारी आली. डोळे अजून ओलेच होते. तिनं मामाची बोटं कानांतून काढली आणि म्हणाली, "मामा, आता काढ."

केरबानं डोळे उघडले. समोर शालन, अंगावर शालू, गळ्यात हार. त्यानं तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"पोरी, पोटाला काही त्रास नाही बघ," तो म्हणाला. "जा आता, घरी जाऊन निवांत झोप. तीन दिवसांनी दुसरं मंगलाष्टक घेऊ."