पास्कूची मूठ

खाडीकाठच्या कोळंबदांड्यात चर्चच्या पडवीत एक दगडी जाते मांडलेले आहे. देवाच्या दारात जाते कशाला, असे पाहुणा विचारतो. तेव्हा गावातले वृद्ध आधी त्याला पायरीवर बसवतात आणि मग फिलूबायची हकिगत सांगतात.

फार मागे समुद्रापलीकडच्या राजाचा अंमल होता. खाडीच्या मुखावरील गढीत त्याचा कप्तान राहत असे. गाव ख्रिस्ताचे आणि कप्तानही ख्रिस्ताचाच. परंतु देवाशी बोलावे ते राजाच्याच भाषेत, असे फर्मान त्याने काढले, म्हणे. मराठी प्रार्थना थांबल्या, ओव्या थांबल्या. फिलूबायचा मुलगा सांतान क्रूसापुढे ओवी गाताना सापडला, त्याला गलबतावर वल्ही मारायला धाडले. तो परतला नाही.

प्रभूच्या दुःखसहनाच्या एकशे चाळीस ओव्या गावात एकट्या फिलूबायला पाठ होत्या. कागदावर एकही नव्हती. तिची साठी उलटली होती, छातीत कफ दाटला होता. आपल्या मागे प्रभूची ती सारी वाट मातीत जाईल, एवढी एकच काळजी तिला उरली होती. बाकीच्या वाहून ती थकली होती.

उपवासकाळ लागला तसे तिने सांतानची बायको मोनी हिला दाराशी, उजेडात, जात्यासमोर बसवले. जात्याच्या घरघरीआड ती ओठांतल्या ओठांत सांगे आणि मोनी उचलून घेई:

खांद्यावर क्रूस, पायांखाली फुफाटा गं,
माउली पुसे लेका, अजून किती वाटा गं.

वाटेवरच्या शिपायाला नुसते दळण ऐकू येई.

पण त्या वर्षी गढीने गावातले भात ओढून नेले. शंभर ओव्या झाल्या आणि घरातला तांदूळ संपला. "फिरव तशीच," फिलूबाय म्हणाली. मोनीने रिकामे जाते फिरवले. दगड दगडाला खाऊ लागला, पाळीवर करडी भुकटी साचू लागली.

परक्या शिपायाला तो आवाज उमगला नसता. पास्कू मुकादमाला उमगला. तो गावचाच, पण गढीचे मीठ खाणारा. गाणाऱ्यांची नावे तोच वर पोचवी. सांतानचे नावही त्यानेच पोचवले होते. तो दारात येऊन उभा राहिला. मोनीचा हात खुंट्यावरच थिजला. फिलूबायने वर पाहिले. संतापण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते.

"ने मला, मुकादमा. सुनेला तेवढी सोड."

"सुनेचा आवाज घराबाहेर येत नाही, बाय. तुझं जातं मात्र गढीपर्यंत बोंबलतंय," पास्कू म्हणाला. "काय दळतेस, दगड?"

"तू ठेवलंस ते दळते."

उंबरठ्याबाहेरच वाकून त्याने कनवटीचा मूठभर तांदूळ काढला, हात आत लांबवला आणि जात्याच्या तोंडात सोडला. मोनीने खुंटा ओढला. आवाज खाली बसला.

मग तो रोज दिवेलागणीला येई. उंबरठा ओलांडत नसे. फिलूबायने त्याला कधी आत बोलावले नाही, आणि परतही धाडले नाही. मूठभर तांदळात जेवढ्या ओव्या बसतील तेवढ्या त्या दिवशीच्या.

शुभ शुक्रवार आला. एकच ओवी उरली होती. पास्कू आला नाही. तो तांदूळ गढीच्या कोठारातला होता, हे गावाला त्या दिवशी कळले. कोठाराच्या दारातच त्याला धरला होता. कोणासाठी नेतोस, असे विचारीत त्याला फटके मारले. त्याने नाव सांगितले नाही. इतकी नावे सांगून झाल्यावर हे एक त्याने पोटात ठेवले, असे सांगतात. संध्याकाळी त्याचेही गलबत सुटले.

दोघी अंधार पडेपर्यंत वाट पाहत बसल्या. शेवटी फिलूबाय सुनेजवळ सरकली आणि जाते न फिरवताच तिने ती शेवटची ओवी मोनीच्या कानाला ओठ लावून सांगितली.

आजही शुभ शुक्रवारी घरोघरचा एकेक पुरुष पडवीच्या पायरीखाली उभा राहतो आणि हात लांबवून मूठभर तांदूळ जात्यात सोडतो. बायका दळतात, हलक्या आवाजात गातात. आता मनाई कोणाची नाही, तरी आवाज चढवीत नाहीत. एकशे एकोणचाळीस ओव्या झाल्या की जाते थांबते. शेवटची ओवी प्रत्येक बाई शेजारणीच्या कानात सांगते. पुरुष उघड्या डोक्याने खाली उभे असतात.

त्या ओवीत काय आहे, असे पाहुणा विचारतोच. वृद्ध मान हलवतात. सत्तर वर्षे ते त्या पायरीखाली उभे राहत आले आहेत. त्यांनी ती ऐकलेली नाही.