ग्लोव्हचा आवाज

“एकोणीस वर्षांत फक्त अकरा दिवस?”

रेमीने विचारलं खरं, पण विचारल्यावर त्याचं त्यालाच जरा जास्त झाल्यासारखं वाटलं.

म्हाताऱ्या मायरनने मान डोलावली. “अकरा. त्यातला एक पावसात गेला.”

कॅनडातल्या गव्हाच्या सपाट मुलखात, एका गोठ्यात हे बोलणं चाललं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ. आत गवताच्या गठ्ठ्यांची भिंत, आणि दोन गाई. त्यांना बेसबॉलमध्ये काडीचा रस नव्हता.

मायरन याच गावात जन्मला. इथे पोरगं चालायला लागलं की त्याच्या हाती हॉकीची काठी देतात. हा पठ्ठ्या मात्र बेसबॉल खेळायला अमेरिकेत गेला. तोही कॅचर म्हणून. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. आपल्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊ, पण गुडघ्यांच्या बाबतीत जास्त कमनशिबी. एकोणीस वर्षं तो लहान गावांच्या लहान संघांत असा बसला. मोठ्या लीगमध्ये अकरा दिवस.

रेमी त्याचा शिष्य. वय बावीस. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. सहा हिवाळे याच गोठ्यात शिकला.

“त्या अकरा दिवसांत किती सामने खेळलात, कोच?”

“एकही नाही.”

“मग केलंत काय?”

“कडेला बसलो. पिचर मैदानात उतरायच्या आधी त्यांचे सरावाचे चेंडू झेलून हात गरम करून दिले.”

रेमी हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं.

“म्हणजे माझंही शेवटी...”

उरलेलं वाक्य त्याने गाईंच्या दिशेने सोडून दिलं.

त्याच्या संघाने त्याला पुन्हा खालच्या लीगमध्ये जायला सांगितलं होतं. हे तिसऱ्यांदा. कारणही तोंडावर सांगितलं होतं: कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणांनी सांगतो, त्या खुणा मानत नाही, स्वतःचंच खरं करतो. आज पाचपर्यंत फोन करून ‘येतो’ म्हणायचं, नाहीतर करार संपला. साडेतीन वाजले होते.

“मग नको जाऊस,” मायरन म्हणाला.

रेमी गडबडला. कोच आपली समजूत घालतील, आपण थोडे आढेवेढे घेऊ, असा सगळा बेत तो वाटेत जुळवून आला होता.

“कोच, माझा चेंडू ग्लोव्हमध्ये बसतो तेव्हा बंदुकीसारखा वाजतो. लोक खाता खाता थांबून वळून बघतात. असा चेंडू खाली कुजवायचा?”

“वाजतो खरा...”

मायरन उठला. आधी गुडघे वाजले, मग तो उभा राहिला. त्याने बादली पालथी घातली, गवताच्या भिंतीला पाठ लावून तिच्यावर बसला आणि ग्लोव्ह चढवला.

“फेक.”

“जरा बेताने टाकतो.”

“बेताने टाकायचा तर गाईला टाक.”

रेमीने दात आवळून चेंडू सोडला.

फटाक्!

गोठा दणाणला. एका गाईने मान वळवून पाहिलं.

“बघितलंत?”

“पुन्हा. तसाच.”

रेमीने तसाच टाकला.

धप्प.

उशीवर उशी पडावी, तसं. गाय रवंथ करत राहिली.

“हा हळू गेला का?”

“तेवढाच होता.”

रेमीने तिसरा टाकला, होता नव्हता तेवढा जोर लावून. धप्प. चौथा टाकताना खांदा दुखत होता, जोरही कमी पडला. फटाक्!

आता तो चेंडूकडे बघेना. ग्लोव्हकडे बघू लागला. मायरनचं मनगट बोटभर इकडे, बोटभर तिकडे. खळग्यात झेलला की बंदूक, तळव्याच्या बुडाशी झेलला की उशी.

पाचवा चेंडू रेमीच्या हातातच राहिला.

पहिल्या हिवाळ्यात, तेराव्या वर्षी, याच जागी रेमीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता. घरी जाऊन आईला सांगितलं होतं, मी पिचर होणार.

“कोच... तेराव्या वर्षी मी कसा टाकायचो?”

“वाईट.”

“मग तो आवाज...”

मायरन ग्लोव्हची सैल झालेली वादी आवळत बसला होता.

“आणि ते अकरा दिवस?” रेमीने जरा वेळाने विचारलं. या वेळी आवाज खाली होता.

“छान गेले.”

वादीची गाठ बसली. मायरनने वर पाहिलं.

“तुझ्या कॅचरचं नाव काय?”

“बटाटा.”

“बटाटा?”

“सगळे तसंच म्हणतात त्याला.”

“नाव विचारलं मी.”

रेमीला ते ठाऊकच नव्हतं. अख्खा मोसम त्या पोराकडे चेंडू टाकले होते. त्याच्या खुणा झिडकारल्या होत्या, पाण्याची बाटलीसुद्धा त्याच्याकडूनच मागवली होती.

तो फोन घेऊन गोठ्याच्या दारात गेला. बर्फावरून वारा आत येत होता, त्याबरोबर त्याचे शब्दही.

“हो, येतो... सोमवारी... नाही, तक्रार काही नाही. एकच विचारायचं होतं. तो बटाटा आहे ना, त्याचं खरं नाव काय हो?”

परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. थंडीनेच असतील.

“एडमंड,” तो म्हणाला.

मायरनने ग्लोव्ह काढून त्याच्या हातात दिला. “बस.”

रेमी उकिडवा बसला. मायरन समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने चेंडू टाकला. चेंडू कसला, उडत उडत पाहुण्यासारखा आला.

धप्प.

“पुन्हा,” रेमी म्हणाला.

धप्प. धप्प. दहाव्या चेंडूला मांड्या भरून आल्या. विसाव्याला घाम फुटला. त्याने मनगट बोटभर इकडे घेतलं, मग तिकडे. मायरन न कंटाळता टाकत होता. पाच कधीच वाजून गेले होते.

आणि मग, लहानसाच, पण स्वच्छ...

फटाक्!

गाय वळली.

मायरन आपल्या उजव्या हाताकडे कौतुकाने बघत राहिला.

“बघ,” तो म्हणाला, “एकाहत्तराव्या वर्षी हात सुधारला माझा.”