बाई रेघेवरून बाजूला झाल्या

भांडण चांगलेच पेटले होते. यंत्रविद्या शिकवून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई आणि मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्याला पोहोचलेला त्यांचा शिष्य महाविद्यालयाच्या मैदानावर समोरासमोर उभे होते, आणि रागाच्या भरात शिष्य गुरूंना भित्र्या म्हणून बसला होता.

बाईंची एक रीत गावाला ठाऊक होती. विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवलेली गाडी मैदानात आली की त्या चुन्याच्या रेघेवर जाऊन उभ्या राहत आणि म्हणत, ये सरळ, थांबव माझ्यापुढे. पालक डोळे मिटून घेत. बाई मिटत नसत. याच शिष्याची खटारा गाडीही एके काळी त्यांच्या निऱ्यांपाशी येऊन थांबली होती.

आता त्याच्या कारखान्याची पुरती नाचक्की झाली होती. तिथल्या गाड्या तपासणीत स्वच्छ ठरत आणि रस्त्यावर विषारी धूर ओकत, हे उघडकीस आले होते. लोक नवी गाडी घेईनात, घेतलेली परत आणून उभी करत. एवढेच नव्हे, ज्यात काडीची खोट नव्हती त्या ब्रेकवरही कुणी भरवसा ठेवीना. तेव्हा शिष्याने मालकांना परस्पर शब्द देऊन टाकला, की उद्या सगळ्यांसमक्ष माझ्या बाई आपल्या गाडीपुढे उभ्या राहतील. त्या राहिल्या नाहीत, तर त्याचे पद जाणार होते.

बाई तयार होईनात. धूर वेगळा आणि ब्रेक वेगळे, हे तो परोपरीने समजावत होता. बाई एकच विचारत होत्या, धुराची लबाडी केली कुणी? तो वरच्यांवर ढकलत राहिला, मुदतीवर ढकलत राहिला, आणि शेवटी वैतागून बोलून गेला.

“मी केली. तपासणीत गाडी रोलरवर जागच्या जागी पळते. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग वळत नाही. ते वळेना, की तपासणी चाललीये असं गाडीनं समजायचं आणि धूर आवरायचा. रस्त्याला लागली की सोडायचा. एवढंच.”

“एवढंच?” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. 

मग त्या वळल्या आणि सरळ रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या.

शिष्याला हायसे वाटले. म्हातारी चिडते, पण शेवटी माया करते, असे मनाशी म्हणत त्याने उद्यासाठी आणलेली कारखान्याची गाडी मैदानाच्या टोकाला नेली, वळवली आणि वेग घेतला. बाई स्थिर होत्या. गाडी जवळ आली. आणि बाई पदर खोचून शांतपणे बाजूला झाल्या.

 त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रेघेच्या अलीकडे जिथल्या तिथे थांबली. रेघ रिकामी होती.

तो उतरला. थांबली की नाही गाडी, त्याने विचारले; रेघेला टायरसुद्धा लागला नाही. पोरांच्या भंगारापुढे उभ्या राहिलात, आणि इथून पळालात?

“पळाले,” बाई म्हणाल्या. “जन्मात पहिल्यांदा. तुझे ब्रेक चांगले आहेत, गधड्या, मला दिसलं. पण मी ब्रेकच्या भरवशावर कधी उभी राहत नव्हते. ब्रेक दगा देतात, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तुझी परीक्षा होती त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, बाई, आज नको, ब्रेकचं पेडल खोल जातंय, गाडी थांबायची नाही. अख्खा वर्ग तुला हसला. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले, ती त्या पोराच्या भरवशावर.”

ते पोर मीच आहे, असे तो म्हणू पाहत होता. त्याआधीच बाई बोलल्या.

“आज पेडल खोल जात असतं, तरी तू मला उभ्या राहा म्हणाला असतास.”