ब्रादेतच्या पायातली सावली

फार वर्षांपूर्वी, जहाजं वाऱ्यावर चालायची तेव्हा, वेंगुर्ल्याचा जिवबा गवंडी एका गलबतावर चढला आणि बंदरं बदलत बदलत पार रोमानियाच्या डोंगरांत, ब्रादेत नावाच्या गावी जाऊन पोहोचला. कसा, ते मला विचारू नका. पोहोचला एवढं खरं.

तिथली घरं बघून तो चाटच पडला. सगळी लाकडाची! ओंडक्याच्या टोकाला खाच पाडायची, तीत दुसरा ओंडका बसवायचा, फटीत शेवाळ ठासायचं. खिळा औषधालासुद्धा नाही. दगड काय तो पायापुरता. जिवबा दिवसभर बघत बसायचा आणि "हे असं का?" म्हणून मेस्त्र्यांचं डोकं खायचा. गावानं त्याचं नाव पाडलं बघ्या. साफ्ता नावाच्या एका विधवेनं त्याला घरात जागा दिली. तिला एकच मुलगी, इलिंका.

गाव तेव्हा चर्च बांधत होतं. पण वसंतात बर्फ वितळलं की उतार सरकायचा आणि पाया ढासळायचा. किती वेळा बांधावं?

एका सकाळी इलिंका पाण्याला निघाली आणि तिची सावली पायाच्या दगडांवर पडली. मेस्त्री तोआदेरनं गुपचूप दोरी काढून ती मापली. तिथली रीतच तशी. जिवंत माणसाच्या सावलीच्या मापाची दोरी पायात पुरली की भिंत टिकते, आणि ते माणूस वर्षाच्या आत मरतं. गावानं माना फिरवल्या. बघ्यानं काही फिरवली नाही.

त्यानं दोरी धरली. "ही पोर द्यायची नाही, मेस्त्री. माझी सावली घ्या."

"मरशील, बाबा."

"छे! आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. दर वर्षी. जाऊन परत यायची सवय आहे तिला."

बोलला हसत, आणि आपणच जाऊन पायाच्या दगडांशी उन्हात उभा राहिला.

तोआदेरनं इलिंकाची दोरी जाळली आणि बघ्याची पुरली. वसंत आला. डोंगरावरची झाडं घसरली, पाया तसूभरही हलला नाही. साफ्ता रोज सकाळी त्याच्या दाराला कान लावून श्वास ऐकायची. वर्ष सरलं आणि बघ्या ठणठणीत! मात्र भर उन्हातही त्याची सावली पडत नव्हती, असं म्हणतात.

"सावली इथे ठेवून घरी कसा जाऊ?" म्हणायचा. गेलाच नाही. इलिंकाची मुलं त्याला आजोबा म्हणत मोठी झाली.

ब्रादेतमध्ये त्यानंतर जिवंत माणसाची सावली कुणी मापली नाही. घर बांधताना आजही दोरी कापतात ती बघ्याच्या मापाची. आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी चर्चचं दक्षिणेचं दार उघडतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई उंबऱ्याशी उभी राहून बघ्याच्या सावलीला म्हणते, "जा बाबा, घरी जाऊन ये."

मग ऊन कलल्यावर दार लोटून घेतात. कडी मात्र लावत नाहीत.